गाण्यातली पहाट

मुलांनो, गाणं ऐकताना आपण चालीवर मान डोलावतो. पण शब्दांकडे लक्ष जातंच असं नाही. आज एका जुन्या हिंदी गाण्याचा अर्थ लावून पाहू या.

१९५८ साली ‘फिर सुबह होगी’ हा चित्रपट आला. रशियन लेखक दस्तयेवस्की यांच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरीवर तो बेतलेला होता. त्यातलं पहाटेचं गाणं साहिर लुधियानवी यांनी लिहिलं. संगीत खय्याम यांचं, आवाज मुकेश आणि आशा भोसले यांचा. आजी-आजोबांना विचारा, लगेच गुणगुणतील!

गाणं समजून घ्यायचं तर स्वतःला तीन प्रश्न विचारायचे. पहिला : कोण बोलतंय? गरिबीने गांजलेला एक तरुण. पण तो एकट्यापुरतं बोलत नाही, सगळ्यांच्या वतीने बोलतो. दुसरा : दुःख कशाचं? माणसाला काही किंमतच उरली नाही, याचं. तिसरा : त्याला हवंय काय? पहाट! आता सूर्य तर रोजच उगवतो, मग ही कुठली पहाट? जिथे भूक आणि लाचारी नसेल, अशा दिवसांची. यालाच आपण रूपक म्हणतो.

ही पहाट कधी येणार? तर ‘कधीतरी’. हा शब्द मोठा गमतीचा आहे बरं का! ‘उद्याच येईल’ असं म्हणायचा धीर त्यात नाही. पण ‘कधीच येणार नाही’ असंही तो म्हणत नाही. निराशा आणि आशा एकाच शब्दात शेजारी शेजारी बसल्या आहेत. याच कवितेच्या दुसऱ्या भागात साहिर आणखी पुढे जातात. ती पहाट आपल्याच हातून येईल, असं ते सांगतात. म्हणजे वाट पाहणारा माणूस आता कामाला लागला!

पालकांनो, मूल एखादं उदास गाणं पुन्हा पुन्हा ऐकत असेल, तर ‘बंद कर ते रडगाणं’ म्हणू नका. शेजारी बसा आणि ‘यातलं काय आवडलं रे तुला?’ एवढंच विचारा. स्वतःच्या शब्दांत जे सांगता येत नाही, ते मुलं कधी कधी गाण्यातून सांगतात.

आणि मुलांनो, मन खट्टू झालं तर गाणं जरूर ऐका. पण तिथेच थांबू नका. आई-बाबांशी, तुमच्या बाईंशी किंवा सरांशी बोला.

या आठवड्यात आवडतं एक गाणं घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं वहीत लिहा. बघा, तेच गाणं नव्याने ऐकू येतं की नाही!