गोव्याची मराठी मोजायची कशाने?

आमच्या बेळगावात चार मराठी माणसे जमली की गोव्याचा विषय निघतोच. तो निघाला की कुणीतरी सुस्कारा टाकून म्हणतो, ‘‘गोव्यातली मराठी गेली हो!’’ मीही वर्षानुवर्षे मान डोलवत आलो. यंदा सांखळीला जाऊन आलो आणि त्या मान डोलवण्याची मला लाज वाटली. ती का वाटली, हे आपल्याच माणसांपुढे स्पष्ट मांडायला हवे. कुणाला राग आला तर येवो.

जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ल्याचा घाट उतरला की केरीवरून सांखळी येते. डिचोली तालुक्यातले हे जुने गाव. सत्तरीच्या ज्या राण्यांनी पोर्तुगीजांना सुखाने बसू दिले नाही, ज्यांच्यातल्या दीपाजीने 1852 मध्ये बंड उभारले, त्यांच्या नावाशी जोडलेले. वाळवंटी नदीच्या काठी, कारापुरात, विठ्ठलापूर आहे. तिथल्या विठ्ठलमंदिरामुळे लोक त्याला गोव्याचे पंढरपूर म्हणतात. आषाढी जवळ आली की गोव्यातले वारकरी पायी पंढरीला निघतात. घाट चढून आमच्या मुलखातून जाणाऱ्या दिंड्या आपण पाहिलेल्या आहेत. मी मात्र त्यांच्या वाटेने उलटा गेलो, आणि तोही बसमध्ये बसून.

आमच्यातल्या एका गृहस्थाने बाजारात चहा घेतला, आजूबाजूची कोकणी ऐकली आणि निकाल दिला, ‘‘बघा, मराठीचा एक शब्द कानावर पडत नाही.’’ अर्ध्या तासाने आम्ही देवळात होतो. एक म्हातारे वारकरी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी विचारले, ‘‘खंयच्यान आयल्यात, माउली?’’ बेळगाव म्हटल्यावर त्यांनी वाटेतली आमची गावे क्रमाने सांगितली. थोड्या वेळाने टाळ वाजले आणि हेच म्हातारे, पुस्तक हाती न घेता, हरिपाठ म्हणू लागले. आमच्या बसमधल्या किती जणांना तो पाठ होता? मला नव्हता. आमच्या गृहस्थांनाही नव्हता.

नंतर मी न राहवून विचारले, ‘‘काका, तुम्ही मराठीच्या बाजूचे की कोकणीच्या?’’ त्यांनी माझ्याकडे पोराकडे पाहावे तसे पाहिले. ‘‘घरांत आवय, वाटेर विठाई. दोगीय म्हज्योच,’’ म्हणाले.

आता आपली मोजणी पाहू. 2011 च्या जनगणनेत गोव्यात कोकणी मातृभाषा सांगणारे सुमारे 66 टक्के आणि मराठी सांगणारे 11 टक्क्यांच्या आत. या आकड्यावर आपले सारे रडगाणे. पण जनगणना मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारते, त्या रकान्याकडे आपण ढुंकून पाहत नाही. विठ्ठलापूरचे ते वारकरी 66 टक्क्यांत मोजले जातात. मग त्यांचा हरिपाठ कुणाच्या खात्यावर? आपण त्यांना ‘गेलेले’ म्हणायचे आणि ते मात्र आपल्या दारावरून अभंग म्हणत जायचे!

दुसऱ्या बाजूलाही सुनावले पाहिजे. मराठी ही गोव्यात बाहेरून आलेली पाहुणी, असे म्हणणारे आहेत. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातच छापले गेले, ते मराठीत. पेडणे-बांद्याच्या मातीतले सोहिरोबानाथ आंबिये यांची वाणी मराठीच. पेडणे आणि डिचोली 1780 च्या दशकात पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले. त्याच डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजीमहाराजांनी 1668 मध्ये उभारायला घेतले होते. एवढा जुना घरोबा असलेल्या भाषेला पाहुणी कोण म्हणेल? पण म्हणून ती घरच्या कोकणीला हुसकून बसलेली आहे असेही नाही. 1967 च्या जनमत कौलात विलीनीकरण 34,021 मतांनी हरले. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या शासकीय वापराची तरतूद राहिली. त्या मतांचे दुःख किती पिढ्या उगाळायचे? कौल राज्याच्या हद्दीचा होता, हरिपाठाचा नव्हता.

आपला राग खरा आहे, हे मी जाणतो. 1956 पासून आपण पाटीसाठी, सातबाऱ्यासाठी, शाळेसाठी भांडलो. एका भाषेने दुसरीला दडपले की काय होते, ते आपल्याला कुणी शिकवायला नको. पण म्हणूनच आपल्याला दोन भाषा म्हटल्या की भांडणच दिसते. सांखळीत ते भांडण नाही, तर तिथे नेऊन का लावता?

खरा धोका तिसरीकडेच आहे. गोव्यात 1990 पासून प्राथमिक शाळांना अनुदान मातृभाषेच्या माध्यमासाठीच होते. 2011 मध्ये ते इंग्रजी शाळांनाही खुले झाले. आपल्याकडे तर अनुदानाचीही वाट पाहिली नाही. माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. मराठी फाडफाड बोलतो, पण हरिपाठाची पोथी हाती दिली तर बोट ठेवून अडखळतो. जनगणनेत तो मराठीच लागेल. मग सांगा, भाषा कोणाकडे अधिक शाबूत आहे? त्या कोकणी म्हाताऱ्याकडे की माझ्या घरात?

तेव्हा आमच्या मंडळांना हात जोडून विनंती. गोव्यातल्या मराठीच्या रक्षणाचे ठराव थोडे दिवस बाजूला ठेवा. पुढच्या ज्येष्ठात दिंडी दारावरून जाईल तेव्हा तिला मुक्कामाला शाळेच्या खोल्या उघडून द्या, पाणी द्या, आणि आपली मुले संध्याकाळी तिच्या पंगतीत बसवा. तुमची भाषा कोणती, असे मात्र त्या माणसांना विचारू नका.