बॅरल बदलण्याआधी लॉट तपासा

‘बॅरल गेले’ हे निदान आपल्या रेंजवर फार लवकर होते. दहाच्या वर्तुळातला ग्रुप नवाकडे पसरू लागला, की आधी पोझिशनची उलटतपासणी होते आणि मग दोष थेट बॅरलवर येतो. काडतुसाची चौकशी मात्र राहूनच जाते.

३०० मीटरच्या नेमबाजाला इथे वाव असतो. जळत्या दारूने चेंबरपुढचे आटे झिजले, तर तो लांब, जड गोळी निवडतो, ती केसमधून थोडी बाहेर बसवतो, दारूचे माप नव्याने ठरवतो. आपल्या पॉइंट टू टू रायफलीला ही मुभा नाही. गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची, प्रायमर केसच्या काठातच भरलेला. आपल्या हाती उरतो तो फक्त लॉट. एकाच ब्रँडचे दोन लॉट एकाच बॅरलमधून वेगवेगळे ग्रुप देतात. शेजारच्या रायफलीत हाच क्रम उलटा लागू शकतो. ‘एले’ आणि ‘लापुआ’ या काडतूस कंपन्या नेमबाजांच्या रायफली व्हाइसमध्ये बांधून लॉट तपासून देतात, ते यासाठीच.

चाचणीआधी बोर साफ करा. चेंबरपुढे साचलेले शिसे आणि प्रायमरचा अवशेष झिजेचे सोंग छान वठवतात. मग पंधरा-वीस गोळ्या झाडून बॅरल स्थिरावू द्या. रायफल व्हाइसमध्ये बांधून प्रत्येक लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे निदान चार ग्रुप घ्या आणि चारही एकावर एक ठेवून मोजा. पाच गोळ्यांचा एखादा सुरेख ग्रुप फसवतो. बाहेर गेलेली गोळी ‘माझीच चूक’ म्हणून वगळू नका. व्हाइसमधल्या रायफलीचा श्वास चुकत नाही. ५० मीटरवर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते. म्हणून सर्वांत चांगल्या ग्रुपवर भाळू नका, सर्वांत वाईट ग्रुप ज्याचा लहान तो लॉट घ्या.

सगळेच लॉट पसरले, तर मात्र क्राउन आणि चेंबर परवानाधारक कारागिराला दाखवा. मागचा झिजलेला भाग कापून नवे चेंबर पाडता आले, तर त्याच बॅरलला आणखी काही मोसम मिळतात.

क्लबांना एक विनंती. नव्या मालात दोन-तीन लॉट आले, तर ते रांगेतल्या क्रमाने वाटू नका. आधी एक दिवस व्हाइस लावा, ज्याच्या रायफलीला जो मानवेल तो त्याला द्या. तेवढ्याच पैशांत सगळ्यांचेच गुण वाढतील.