ऐकून घेतल्याशिवाय नाही

आमच्या वसतिगृहाच्या कार्यालयात दरवर्षी जून महिन्यात एक प्रसंग ठरलेला असतो. पालक मुलाला घेऊन येतात, प्रवेशाचा अर्ज भरावयास बसतात आणि जन्मतारखेच्या रकान्यापाशी लेखणी थांबते. "संक्रांतीच्या दोन दिवस आधी झाला, आम्ही तेव्हा कारखान्यावर होतो," असे आई सांगते. कोपीत जन्मलेल्या त्या मुलाची नोंद ना कारखान्याच्या गावी झालेली असते, ना स्वतःच्या. पूर्वीचे गुरुजी अशा वेळी फार विचार न करता १ जून लिहून मोकळे होत. महाराष्ट्राच्या एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात यावरून एकमेकांची थट्टा करतात. आम्हीही त्या हसण्यात सामील झालो आहोत.

अलीकडे मात्र त्या रकान्याकडे पाहून हसू येत नाही. देशात बेकायदा स्थलांतरितांविषयी जो वाद चालू आहे, तो फिरत फिरत नेमका या रकान्यापाशी येऊन ठेपला आहे. स्मरणिकेत कृतज्ञतेचे आणि आठवणींचे लेख असावेत, हा संकेत आम्हांला मान्य आहे. तरीही या विषयावर आपल्या परिवाराशी बोलण्याची हीच वेळ आहे असे आम्हांला वाटते.

मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने संशयित बेकायदा स्थलांतरितांची पडताळणी करण्यासाठी राज्यांना ३० दिवसांची मुदत दिली. पुढच्याच महिन्यात मीरा रोड परिसरात काम करणाऱ्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याची हकिकत वृत्तपत्रांत आली. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून त्याला पकडण्यात आले, उत्तर बंगालच्या सीमेवर नेण्यात आले आणि रात्रीच्या अंधारात पलीकडे ढकलून देण्यात आले. कोणत्याही न्यायालयाने त्याला परदेशी ठरविल्याचे पुढे आले नाही. घरच्यांनी आणि तेथील पंचायतीने कागदपत्रे पाठविली होती. ती पाहिली जाण्याआधीच माणूस देशाबाहेर गेला होता. महाराष्ट्रातून याच रीतीने गेलेले आणखी काही मजूर होते. पश्चिम बंगाल सरकारने प्रकरण हाती घेतले, दोन्ही देशांच्या सीमादलांची बैठक झाली आणि ही माणसे परत आणली गेली. ती भारतीयच होती.

ज्यांची स्मृती थोडी लांबची आहे त्यांना जुलै १९९८ आठवेल. मुंबईतील जरीकाम करणाऱ्या बंगालीभाषक कारागिरांना बांगलादेशी ठरवून पोलीस बंदोबस्तात हावड्याच्या गाडीने नेले जात होते. उलुबेडिया स्थानकात जमावाने गाडी अडवून त्यांना सोडविले आणि मोठा राजकीय गदारोळ झाला. सत्तावीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन घटनांत साम्य एवढेच, की माणूस आधी नेला गेला आणि तो कोण हा प्रश्न नंतर विचारला गेला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. परवानगीविना देशात राहणाऱ्या परकीयास बाहेर पाठविण्याचा अधिकार राज्यसंस्थेस आहे, यात आम्हांला तिळमात्र शंका नाही. भारतात कोठेही राहण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने केवळ नागरिकांस दिला आहे. खोट्या कागदपत्रांचा बाजारही आहे. तो नाही असे म्हणणारे स्वतःची फसवणूक करतात. सीमा राखणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. आमचा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. समोर उभा असलेला माणूस परका आहे हे ठरविले कोणी, कशावरून, आणि त्याला काय विचारून?

संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत 'नागरिक' हा शब्द नाही. 'व्यक्ती' हा शब्द आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीवाचून कोणाही व्यक्तीचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही. ही शब्दरचना सहज झालेली नाही. मसुदा समितीपुढे अमेरिकन धर्तीची 'उचित प्रक्रिया' स्वीकारावी की 'कायद्याने प्रस्थापित कार्यपद्धती' एवढ्यावर थांबावे, हा पेच होता. बेनेगल नरसिंह राव यांनी अमेरिकेत न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांची भेट घेतल्यानंतर दुसऱ्या पर्यायाकडे कल झाला. डिसेंबर १९४८ मधील चर्चेत बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके मांडले आणि निर्णय सभेवर सोपविला. परंतु त्यांचे समाधान झालेले नव्हते. सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतः एक नवे कलम मांडले. तेच आजचा २२ वा अनुच्छेद. अटकेची कारणे सांगा, वकील करू द्या, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. आधीच्या कलमात राहिलेली उणीव भरून काढण्यासाठी हे आणले आहे, असे त्यांनी सभेत सांगितले.

या अनुच्छेदाचा तिसरा खंड फारसा कोणी वाचत नाही. प्रतिबंधक स्थानबद्धता वगळता, हे संरक्षण ज्यास मिळणार नाही असा एकच माणूस त्यात सांगितला आहे, तो म्हणजे शत्रुदेशाचा नागरिक. ज्या परकीयाच्या देशाशी आपले युद्ध चालू नाही, त्याला पकडले तरी २४ तासांची अट लागू होते. फाळणीच्या जखमा ताज्या असताना, लाखो निर्वासित छावण्यांत असताना बाबासाहेबांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लिहिले. आज आपल्याला वाटते तेवढे ते भोळे नव्हते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी भिक्खुसंघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणपूर्ती, मतगणना हे सारे संघास ठाऊक होते, असे ते म्हणाले. विनयपिटक उघडले की त्यामागचे तथ्य दिसते. वाद मिटविण्याच्या सात रीतींत पहिली रीत 'सम्मुखविनय' आहे. ज्याच्याविषयी निर्णय घ्यावयाचा तो समोर असलाच पाहिजे. चुल्लवग्गात तर स्पष्ट सांगितले आहे, की भिक्खूवरील कारवाई तो समोर नसताना, त्याला न विचारता, त्याची कबुली नसताना केली असेल, तर ती अधर्माची कारवाई ठरते. आम्ही मुलांना विनय शिकवितो तेव्हा शिस्त म्हणून शिकवितो, ती बहुधा आमचीच चूक असावी. तो मुळात न्यायाचा ग्रंथ आहे.

बौद्धांनी या वादाकडे पाहावे कसे, हा प्रश्न आपल्या परिवारात कुजबुजीच्या स्वरात निघतो. २०१९ च्या नागरिकत्व सुधारणा कायद्यात अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान येथून आलेल्या ज्या धर्मीयांस सवलत आहे, त्यांत बौद्धांचे नाव आहे. म्हणजे आपल्याला चिंता नाही, असे काही जण म्हणतात. हा दिलासा पोकळ आहे. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी बांधवांची वसाहत आहे. ते बौद्ध आहेत, पण तिबेट त्या यादीत नाही. आणि पारनेर, श्रीगोंदा वा पाथर्डीच्या बौद्ध कुटुंबाला त्या यादीचा उपयोग कसला? आपण बांगलादेशातून आलेलोच नाही. आपल्यावर संशय आला, तर आपण येथलेच आहोत एवढेच सिद्ध करावे लागेल, आणि त्याला धर्माचे नाव पुरत नाही.

चकमा बौद्धांची हकिकत आपल्या मुलांनी अभ्यासावी अशी आहे. कर्णफुली नदीवरील काप्ताई धरणात त्यांच्या जमिनी बुडाल्या आणि १९६४ च्या सुमारास चितगावच्या डोंगराळ भागातून हजारो चकमा भारतात आले. अरुणाचल प्रदेशात त्यांचे पुनर्वसन झाले. तीस वर्षांनंतर 'चालते व्हा' अशा धमक्या त्यांना मिळू लागल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ९ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे व स्वातंत्र्याचे रक्षण करणे राज्यावर बंधनकारक आहे. चकमांना वाचविले ते धर्माने नव्हे, २१ व्या अनुच्छेदातील 'व्यक्ती' या शब्दाने. तोच शब्द रोहिंग्यांनाही लागू आहे, हे म्हणताना आपल्यापैकी काहींची जीभ अडखळते, आम्ही जाणतो. ज्या देशातून त्यांना हाकलण्यात आले तो बहुसंख्य बौद्धांचा देश आहे, हे आपल्याला झाकता येणार नाही. एप्रिल २०२१ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाठविण्यास स्थगिती दिली नाही. मात्र विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय पाठवू नये, असे बजावले. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आश्रयाविषयी आपला स्वतंत्र कायदाही नाही. तिबेटींना एक न्याय, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरा, रोहिंग्यांना तिसरा, असे सारे सरकारी आदेशांवर चालते. ज्याला आश्रय हवा त्याला अर्ज कोठे करावा हेही कायदा सांगत नाही, मग नकाराविरुद्ध अपील तर दूरच.

आता पुन्हा त्या रकान्याकडे येऊ. परकीयांविषयीच्या १९४६ च्या कायद्यात शाबितीची जबाबदारी संशयितावर होती आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही ती तशीच आहे. म्हणजे तुम्ही परके आहात हे सरकारने सिद्ध करावयाचे नसून, आपण परके नाही हे तुम्ही सिद्ध करावयाचे. जुलै २०२४ मध्ये आसाममधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला मर्यादा घातली: हाती काही आधार असल्याशिवाय वाटेल त्या माणसाचे दार ठोठावून नागरिकत्व सिद्ध कर म्हणता येणार नाही, आणि आरोपाचा आधार त्याला कळला पाहिजे. नावाच्या स्पेलिंगमधील किंवा तारखांमधील किरकोळ फरकावरून माणूस परका ठरू नये, हेही न्यायालयाने सांगितले. हे सांगावे लागले यातच सारे आले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झालेल्या आसामच्या नागरिक नोंदवहीतून १९,०६,६५७ लोक बाहेर राहिले होते.

आपल्याकडे कागद कोणता दाखविणार? ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर निर्णय देताना म्हटले, की केवळ आधार, पॅन वा मतदार ओळखपत्र असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्यास जन्म पुरेसा होता. त्यानंतर जन्मलेल्यास आईबापांपैकी एकाचे नागरिकत्व दाखवावे लागते. आणि ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्यास दोघांपैकी कोणीही बेकायदा स्थलांतरित नाही हेही. आज आमच्या वसतिगृहात असलेले प्रत्येक मूल या तिसऱ्या गटात मोडते. त्याला स्वतःच्या जन्मापाशी थांबता येत नाही, आईच्या जन्मापर्यंत जावे लागते; आणि आई कोपीत जन्मली, शाळेत गेली नाही. उशिराने जन्मनोंद करून घ्यावी, तर २०२५ च्या प्रारंभी मालेगावच्या प्रकरणानंतर राज्यभरातील अशा नोंदींकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले. नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले रद्द करण्याचे आदेश निघाले. खोटे दाखले रद्द झालेच पाहिजेत. पण उशिराची नोंद कोणाची होते? पालात जन्मलेल्या पारध्याची, उसाच्या फडात जन्मलेल्या मजुराच्या लेकराची. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि ऑगस्ट १९५२ मध्ये मुक्त केले, त्या जमातींना न विचारता ठरविले जाणे म्हणजे काय असते, हे कोणी शिकवावयास नको.

राळेगणसिद्धीचे नाव महाराष्ट्रात पाणलोटाच्या कामाइतकेच माहितीच्या अधिकारासाठी घेतले जाते. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने राज्याचा कायदा झाला आणि २००५ मध्ये केंद्राचा आला. त्या केंद्रीय कायद्याचे तिसरे कलम माहितीचा अधिकार फक्त नागरिकांना देते. परंतु चौथ्या कलमात एक उपखंड आहे: प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय व न्यायिकवत निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना द्यावीत. येथे 'नागरिक' नाही, 'बाधित व्यक्ती' आहे. या गावच्या वेशीआड चालणाऱ्या शाळेने तरी तो उपखंड विसरू नये. ज्या गवंड्याला सीमेपलीकडे ढकलले, त्याच्याहून अधिक बाधित कोण असेल? त्याला एक लेखी कारण आणि उत्तर देण्यास चार दिवस मिळाले असते, तर पंचायतीचा कागद वेळेवर पोहोचला असता. परका माणूस असता, तर तोही त्या चार दिवसांत परका ठरला असता आणि रीतसर गेला असता. त्यात सरकारचे काय बिघडले असते, हे आम्हांला कळत नाही.

आपल्या शाळेच्या कपाटात दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. पहिल्या काही वर्षांची पाने पिवळी पडली आहेत, दोन खंडांच्या शिवणी उसवल्या आहेत, एकाला वाळवी लागून गेली आहे. आपल्या कित्येक माजी विद्यार्थ्यांच्या घराण्यात सरकारी शिक्क्याची पहिली नोंद त्याच पानांवर आहे: वडिलांचे नाव, गाव, जात, आणि बहुधा १ जून. या वर्षी संस्थेने ती सर्व पाने स्कॅन करून त्यांची एक प्रत सुरक्षित ठिकाणी ठेवावी, असा प्रस्ताव आम्ही मांडत आहोत. माजी विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुटीत येऊन आपली नोंद तपासावी, नावात वा तारखेत चूक असल्यास दुरुस्तीचा अर्ज आताच करावा. चौकशी सुरू झाल्यावर केलेली दुरुस्ती संशयाची ठरते. आपल्या परिवारात वकिली करणारे जे आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार वसतिगृहात बसून जन्मनोंद नसलेल्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. नव्या प्रवेशाच्या वेळी जन्मतारीख ठाऊक नसेल, तर १ जून न लिहिता आई जे सांगते ते तिच्याच शब्दांत, तिच्या अंगठ्यासह, वेगळ्या कागदावर लिहून ठेवण्याची पद्धत आम्ही यंदाच्या जूनपासून सुरू केली आहे. पहिल्या दिवशी असे अकरा कागद जमा झाले.