भिंतीवर कोरलेला हिशेब

प्राचीन भारतातला कारभार किती थोर होता, यावर भाषणं आपण वारंवार ऐकतो. मेगॅस्थेनिसने सांगितलेली पाटलिपुत्राची पाच-पाच जणांची सहा मंडळं, विक्रीवर दहावा हिस्सा कर, कौटिल्याचा नागरक. टाळ्या पडतात. माझी तक्रार टाळ्यांबद्दल नाही. त्या कारभारातलं आज जे मागायला हवं ते कुणी मागत नाही, याबद्दल आहे.

ते नाशिकच्या पांडवलेण्यांत आहे. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्खूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक व्याज, १,००० वर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या रकमेच्या व्याजातून २० भिक्खूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. करा ताळा: वर्षाचं व्याज २४०, वीस बारा २४०. सुमारे १,९०० वर्षांनी तुम्हीआम्ही तो तपासू शकतो, कारण व्यवहार निगमसभेत जाहीर झाला, दप्तरी नोंदला गेला आणि भिंतीवर कोरला गेला.

नहपानाला हरवणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीचा हुकूमही तिथेच आहे. आधी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावही वसलेलं नाही, म्हणून नगराच्या सीमेवरच्या राजाच्या शेतातली १०० निवर्तनं देतो. राजाचं फसलेलं दान राजाच्याच हुकमात!

तो काळ रामराज्य नव्हता. अर्थशास्त्रात हेरही आहेत आणि करांचा पसाराही. शिवाय उषवदात स्वतः शक, बाहेरून आलेल्यांतला. म्हणजे हा वारसा कुणा एकाच्या नावचा सातबारा नाही. मी मुसलमान तो हक्काने मागतो.

आता विक्रोळीत या. १ जुलै २०१७ ला जकात गेली, मुलुंडचे नाके ओस पडले, आणि महापालिका राज्याच्या भरपाईकडे बघू लागली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासकानेच तिजोरी सांभाळली. निगमसभाच उरली नाही. त्याआधी १८ जुलै २०२१ ला सूर्यनगरात दरड कोसळून माणसं गाडली गेली होती.

डोंगरउतारावरच्या प्रत्येक संरक्षक भिंतीसाठी मंजूर किती, खर्च किती, काम अपुरं का, हे त्या भिंतीवरच का लिहू नये? ‘अर्थसंकल्प संकेतस्थळावर आहे’ हे उत्तर मला मान्य नाही. त्या जाडजूड पोथ्यांत आमच्या गल्लीची भिंत सापडत नाही.

प्राचीन वैभवाचे फलक लावणाऱ्यांनो, एक फलक कमी लावा. त्या जागी हिशेब लिहा.