पाणी उसाला, होडी गावाला

२१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या फुगवट्यात वादळी वाऱ्याने उलटली. दोन बालकांसह सहा जण बुडाले. त्यानंतरची चर्चा वारा, होडीवाला आणि नसलेली जीवरक्षक जॅकेटे यांपुरतीच राहिली. धरणाचे नाव आरोपींच्या यादीत कोठेच आले नाही.

१९८० साली उजनी पूर्ण झाले. ११७ टीएमसीच्या साठ्याने भीमेचे पात्र सागरासारखे पसरले आणि काठची गावे जवळजवळ बेटेच बनली. समोरचा इंदापूर तालुका डोळ्यांना दिसतो. रस्त्याने गाठायचा तर मोठा वळसा पडतो. लोहमार्ग मात्र वेळीच हलविण्यात आला, कारण तेथील वाहतूक खंडित होणे शासनाला परवडणारे नव्हते. रेल्वेने सोडून दिलेला डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल तेवढा गावकऱ्यांच्या वाट्याला आला. त्या जराजर्जर पुलावरूनही धावल्या त्या प्रामुख्याने उसाच्याच गाड्या!

प्रकल्पाचा लाभ आणि खर्च एकाच ताळेबंदात मांडावा, हा अर्थशास्त्राचा प्राथमिक धडा. उजनीच्या लाभाच्या रकान्यात पंढरपूर-मोहोळचा ऊस आहे, सोलापूरचे नळ आहेत. (श्रीपूरचा कारखाना उजनीच्या कितीतरी आधीचा, १९३०च्या दशकातला, पण ऊस जिकडून येतो तिकडे रस्ता जातो, हा नियम तिथेही दिसतो.) खर्चाच्या रकान्यात जमिनीचा मोबदला लिहून वही मिटली. रोजचे होडीभाडे, वळशाचे डिझेल, अडलेल्या बाळंतिणीचा वाटेत जाणारा वेळ हा सारा खर्च चार दशके विस्थापितांनीच सोसला. बागायतदाराला दिले गेलेले हे अनुदान गरिबाच्या खिशातले आहे.

आता शिरसोडी-कुगाव पुलाची मंजुरी उपकार म्हणून मिरवली जाते. वस्तुतः ते थकलेले देणे आहे. प्रवाशांनी धोका पत्करलाच का, असे विचारणाऱ्यांनी त्यांच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता, तेही सांगावे. समाजवादी चळवळीलाही येथे आत्मपरीक्षण टळत नाही. धरणग्रस्तांसाठी तिने जमीन आणि मोबदला मागितला. तुटलेली वाट मागण्याचे मात्र तिला क्वचितच सुचले.

गोव्यात मांडवीतील दिवाडी आणि चोडण या बेटांना सरकारचे नदी परिवहन खाते फेरीबोट चालविते. पायी प्रवाशाला तिकीटही नाही. पूल उभा राहीपर्यंत उजनीवर हेच का होऊ नये? तपासलेली सरकारी बोट, प्रशिक्षित खलाशी आणि वाऱ्याच्या दिवशी बोट बंद ठेवून त्याच भाड्यात वळशाच्या रस्त्याने एस.टी. एवढी मागणी घेऊन करमाळा व इंदापूर येथील कार्यकर्त्यांनी पुढच्या पावसाळ्याआधी दोन्ही तहसील कचेऱ्यांवर एकाच दिवशी जावे.