आपाचा वाटा

अम्मी-अब्बांच्या पश्चात सेलूचं घर विकलं. देणी फेडून दहा लाख उरले. आम्ही तीन भाऊ, एक आपा. भावांचे दोन-दोन हिस्से, आपाचा एक, एकूण सात. आपाला १,४२,८५७ आणि आम्हाला प्रत्येकी २,८५,७१४. आकडे तेच, जागा तेवढ्या बदललेल्या! तिपटीपासून सहापटीपर्यंत हेच सहा आकडे फिरत राहतात. सातपट केली की ९,९९,९९९. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांतही ही बसते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्यातले २०४०८ आणि १२२४४९ मिळवा, पुन्हा १४२८५७.

आपा म्हणाली, "राहू द्या रे माझा वाटा." आम्ही ऐकलं नाही, आधी तिचेच पैसे मोजले. उरलेला एक रुपया धाकट्याच्या मुलाने उचलला.