पाच नद्यांबाहेरचा पंजाब

पंजाब म्हणजे पाच नद्यांचा सपाट व सुपीक प्रदेश, असे आपण शाळेत शिकलेलो असतो. त्यांपैकी झेलम व चिनाब 1947 च्या फाळणीने पाकिस्तानात गेल्या. परंतु अंबाल्याहून चंडीगढकडे जाताना लागणाऱ्या डेराबस्सी या गावी वाचकाने क्षणभर थांबावे. ईशान्येकडे शिवालिकच्या टेकड्या दिसतात, आणि जवळून वाहणारी घग्गर त्या पाचांपैकी एकही नाही. हिमाचलातील पायथ्याच्या डोंगरांत उगम पावणारी ही नदी समुद्राला मिळतच नाही. राजस्थानच्या वाळूत ती जिरून जाते.

डोंगर आणि मैदान यांच्या सांध्यावरील या पट्ट्यास 'कंडी' म्हणतात. येथील पावसाळी प्रवाहाचे नाव 'चो'. भाषांतर करताना या शब्दापुढे 'ओढा' लिहिण्याचा मोह होतो. पण तो फसवा आहे. आपला ओढा सह्याद्रीच्या कठीण काळ्या पाषाणावरून वाहतो आणि आपली वाट सहसा सोडीत नाही. शिवालिक हा वयाने लहान डोंगर. हिमालयातून वाहून आलेली वाळू, माती व गोटे यांचाच तो बनलेला असल्यामुळे मोठी सर आली की तो झिजतो. चो ती वाळू घेऊन मैदानात उतरतो, पात्र भरून टाकतो आणि बाजूच्या शेतात शिरतो. झाडे तुटली, शेळ्यामेंढ्यांनी उतार उघडे केले, तेव्हा होशियारपूरकडील शेते वाळूखाली गेली आणि 1900 साली वृक्षतोड व चराई यांवर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. चंडीगढचे सुखना सरोवर 1958 साली अशाच एका चोला बांध घालून निर्माण झाले. त्यातही गाळ भरू लागला, तेव्हा वरच्या टेकड्यांवर झाडे लावणे भाग पडले.

कंडीच्या खाली दुआब पसरले आहेत. बियास व सतलज यांच्या आद्याक्षरांवरून 'बिस्त', तर बियास व रावी यांवरून 'बारी' दुआब. बारी दुआबातील घुमान हे गाव मराठी माणसास परके नाही. नामदेवांच्या वास्तव्याची परंपरा तेथे सांगतात, आणि 2015 साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तेथे भरले होते. सतलजच्या दक्षिणेस माळवा. (मध्य प्रदेशातील माळव्याशी याची गल्लत करू नये.) त्याच्या नैर्ऋत्येकडे वाळूच्या टेकड्या, म्हणजे 'टिब्बे', लागतात, तेथे पाऊस थोडा, भूजल अनेक ठिकाणी खारे. मधल्या मैदानात मात्र भातासाठी जमिनीतील पाण्याचा उपसा इतका होतो, की दरवर्षी मुरणाऱ्या पाण्याच्या दीडपटीहून अधिक पाणी बाहेर निघते. 2009 च्या कायद्याने भाताची लावणी पावसाळ्याच्या जवळ ढकलली. तरीही उपसा मुरण्याहून अधिकच आहे.

हेच राज्य जुलै 2023 मध्ये पाण्याखाली होते. सुखना सरोवराचे दरवाजे उघडले गेले. तो प्रवाह पुढे घग्गरलाच मिळतो. घग्गरही फुगली आणि डेराबस्सीत नव्या वसाहतींच्या तळमजल्यांवर पाणी चढले. त्या भागात गेल्या काही वर्षांत गावापेक्षा घरेच झपाट्याने वाढली आहेत, आणि कोरड्या दिवसांत चोचे पात्र मोकळ्या जागेसारखे दिसते. मे महिन्यात तिकडे जाणे झाले, तर घग्गरच्या पुलावरून खाली अवश्य पाहावे. पूल लांबलचक आहे. पाणी त्यातील एखाद्या कमानीपुरतेच दिसेल.